गिटार, लॅपटॉप आणि दुसरे बोलावणे

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

ऐरोलीत राहणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्या महापे येथील एका आयटी कंपनीत सात वर्षे नोकरी करत आहेत. शाळकरी वयात ठाण्याच्या नौपाड्यातील एका शिक्षकांकडे त्या गिटार शिकल्या. आता त्या स्वतः मराठी गाणी लिहितात, त्यांना चाली लावतात आणि गिटार, लूप पेडल (वाजवलेला तुकडा पकडून पुन्हा पुन्हा ऐकवणारे, पायाने चालवायचे उपकरण) व लॅपटॉप घेऊन एकट्याने सादर करतात. गेल्या दोन वर्षांत शनिवार-रविवार साधून त्यांनी पुणे, नाशिक, रत्नागिरी, कोल्हापूर, पणजी आणि बेंगळुरू येथे कार्यक्रम केले. आता नोकरीचा राजीनामा देऊन वर्षभर देशभर फिरत गावे, असे त्यांच्या मनात आहे, कारण ‘फिरल्याशिवाय गीतकार घडत नाही’ यावर त्यांचा विश्वास आहे. निवृत्त वडिलांना मुलीच्या रात्रीच्या एकट्याने होणाऱ्या प्रवासाची चिंता वाटते. ‘एक तर गिटार नीट वाजव, नाहीतर बटणे दाब, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस’, असे गिटारचे शिक्षक म्हणतात, तर मित्रमंडळींच्या मते गिटार कमी करून नाचता येईल असे संगीत केले तरच चार पैसे मिळतील. अशातच एका संगीत कंपनीने पाच गाण्यांसाठी एकरकमी मोबदला देऊ केला आहे. बदल्यात सर्व हक्क कायमचे द्यायचे आहेत आणि महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा आहे. या पाचांपैकी एका गाण्यात घणसोलीतील एका लग्नात फोनवर ध्वनिमुद्रित केलेला धवलारणीचा, म्हणजे लग्नविधींना धवले ही पारंपरिक गीते गाणाऱ्या बाईंचा, आवाज आहे. त्या विचारतात : ‘मी राजीनामा देऊ का? आणि गिटार व इलेक्ट्रॉनिक यांपैकी काय निवडू?’

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्हींत ‘हे किंवा ते’ अशीच मांडणी आहे. मला वाटते की अडचण पर्यायांच्या निवडीत कमी आणि या मांडणीत अधिक आहे. म्हणून आधी तुमच्या पत्रातल्या गावांच्या यादीकडे वळतो. सहा गावांची नावे तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिली आहेत आणि तो अभिमान रास्त आहे, कारण आठवडाभर काम करून शुक्रवारी रात्री पाठीवर गिटार, खांद्याला लॅपटॉप आणि हातात केबलींची पिशवी घेऊन निघणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मी मात्र त्या यादीत एकच गोष्ट शोधत होतो : यांपैकी कोणत्या गावाने तुम्हाला पुन्हा बोलावले? नाशिक आणि रत्नागिरी, असे तुमच्या पत्रात पुढे ओझरते आले आहे, तेही ‘त्याच ठिकाणी परत जावे लागले’ अशा काहीशा निराश सुरात. माझ्या दृष्टीने तुमच्या दोन वर्षांच्या कमाईतली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे.

फिरत्या कलाकाराचा संसार नव्या गावांच्या संख्येवर चालत नाही. तो दुसऱ्या बोलावण्यावर चालतो. पहिल्यांदा लोक कुतूहलापोटी येतात, आयोजकाच्या ओळखीने येतात, कॅफेत कॉफी प्यायला आलेले असतात म्हणून ऐकतात. दुसऱ्यांदा येतात ते तुमच्यासाठी येतात, बरोबर कुणाला तरी घेऊन येतात आणि एखाद्या गाण्याची फर्माईश करतात. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी तेथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. त्या व्यवहारात फडाने आजवर किती जिल्हे पालथे घातले याला फारसे महत्त्व नसते. गेल्या खेपेला आपल्या गावात काय केले, वेळेवर आले का, लोक शेवटपर्यंत बसले का, हे कमिटीतल्या माणसांना पक्के आठवत असते. कॅफे, महाविद्यालये आणि संगीत महोत्सव यांच्या जगातही आयोजकाची स्मरणशक्ती याच गोष्टींवर चालते.

तमाशाच्या फडांकडून आणखी एक शिकण्यासारखे आहे, ते म्हणजे हंगाम. फड दसऱ्याला बाहेर पडतात, यात्रा-जत्रांचा काळ साधतात आणि पावसाळ्यापूर्वी मुक्कामी परततात. तुम्ही ‘वर्षभर’ फिरण्याचे योजले आहे, पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या भागात उघड्यावरचे कार्यक्रम जवळपास थांबतात, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते आणि लाकडी गिटारला ती हवा मुळीच मानवत नाही. साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत गिटारचे लाकूड सुखात असते. ठाण्या-ऐरोलीच्या पावसात ती ८० टक्क्यांच्या वर जाते, लाकूड फुगते, तारा दांड्यापासून उचलल्या जातात आणि गंजतात. त्यामुळे पावसाळा हा लेखनाचा आणि ध्वनिमुद्रणाचा काळ समजा आणि फिरण्याचा हंगाम आठ महिन्यांचाच धरा. एवढा एक बदल केला तरी राजीनाम्याचा प्रश्न वेगळा दिसू लागतो.

आता पैशांचा हिशेब मांडू. समजा, एका कार्यक्रमाचे मानधन १५,००० रुपये ठरले. प्रवासाला २,५००, राहण्याला २,०००, रिक्षा आणि जेवणखाण मिळून १,००० आणि तारा, केबल, उपकरणांची झीज यांसाठी बाजूला ठेवायचे १,००० असे धरले, तर हातात ८,५०० रुपये उरतात. महिन्याला असे चार कार्यक्रम मिळाले, तर ३४,००० रुपये होतात. आठ महिन्यांचे २,७२,००० होतात आणि ते बारा महिन्यांवर पसरले की महिन्याला २२,७०० रुपयांच्या आसपास पडतात. त्यातून आरोग्य विम्याचा हप्ता भरायचा, कारण नोकरी सुटली की कंपनीचा सामूहिक विमाही सुटतो. शिवाय १५,००० रुपये मानधनाचे चार कार्यक्रम दर महिन्याला मिळतील, हे मी वादासाठी गृहीत धरले आहे. तुमच्या पत्रातले आकडे अजून तिथवर पोहोचलेले नाहीत. गाणी ऑनलाइन ऐकली जाण्यातून ही तूट भरून निघेल, अशी आशाही तूर्त नको. स्पॉटिफायवर २०२४पासून एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मोजला जात नाही आणि मोजला जातो तेव्हाही नवोदिताच्या हाती पडणारी रक्कम किरकोळ असते. ऑनलाइन गाण्याचा खरा उपयोग वेगळा आहे : नाशिकच्या श्रोत्याला तुमची पुढची फेरी होईपर्यंत तुमची आठवण राहते.

या हिशेबावरून ‘राजीनामा देऊ नका’ असा निष्कर्ष काढून मी मोकळा होणार नाही, कारण केवळ आकड्यांवर चालले असते तर कोणीच गाणी लिहिली नसती. माझे म्हणणे एवढेच आहे की राजीनाम्याची तारीख तुमच्या मनःस्थितीने ठरवू नये, ती बोलावण्यांनी ठरवावी. येत्या हंगामात देशभराचा नकाशा बाजूला ठेवा आणि रेल्वेने एका रात्रीत किंवा काही तासांत गाठता येतील अशी पाच-सहा गावे निवडा. पंचवटीने नाशिक, कोकणकन्येने रत्नागिरी, पुण्याला तर कितीतरी गाड्या. ठाणे स्थानक हाताशी असणे ही फिरत्या गायिकेसाठी केवढी सोय आहे याचा विचार करा. या गावांत हंगामात प्रत्येकी दोन फेऱ्या करा. दुसऱ्या फेरीला आयोजकाने स्वतःहून बोलावले, मानधन थोडे तरी वाढवले आणि पहिल्या वेळचे काही चेहरे समोर दिसले, असे निम्म्याहून अधिक गावांत घडले, तर तुमच्यापाशी व्यवसायाचा पाया आहे आणि मग नोकरी सोडण्याचा विचार मीही उचलून धरेन. तोवर बिनपगारी रजा, काही महिन्यांची सुट्टी, कमी तासांचे काम अशा मधल्या वाटा तुमच्या कंपनीत आहेत का, याची चौकशी करा. त्याच वेळी नेमणुकीचे पत्र पुन्हा एकदा नीट वाचून पाहा, कारण अनेक आयटी कंपन्यांच्या करारांत बाहेरच्या अर्थार्जनाला पूर्वपरवानगी लागते आणि नोकरीच्या काळात तयार झालेल्या बौद्धिक संपदेबद्दलही कलमे असतात. गाण्यांसाठी कंपनीचा लॅपटॉप मुळीच वापरू नका आणि परवानगी ईमेलने, लेखी घ्या.

तुमच्या यादीत एक गाव नाही, ते म्हणजे तुमचे स्वतःचे. बेंगळुरूत गायलेल्या मुलीने ठाणे-नवी मुंबईत स्वतःच्या गाण्यांचा एकही पूर्ण कार्यक्रम केलेला नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटले. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर आणि राम मारुती रोडवर गर्दी करणारी तरुण मंडळी, वाचनालयांच्या व्याख्यानांना नेमाने येणारे श्रोते, तुमच्याच ऑफिसात ट्रान्स हार्बर लोकलने येणारे शेकडो मराठी सहकारी हा सगळा तुमचा श्रोतृवर्ग होऊ शकतो. गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह ही पुढची पायरी आहे. आत्ता पन्नास-साठ माणसे मांडीला मांडी लावून बसतील अशी एखादी खोली, एखाद्या वाचनालयाचे लहान सभागृह, एखाद्या गृहसंकुलाचा क्लब पुरेसा आहे. सोसायटीच्या अंगणात कार्यक्रम करणार असाल तर रात्री दहाच्या आत आटोपता घ्या, कारण दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे आणि तुमच्या गाण्यांतील खालचे सूर भिंतीपलीकडच्या घरांत सर्वांत आधी पोहोचतात. घरच्या गावात वाजवण्याचा आणखी एक फायदा असा की वडील पहिल्या रांगेत बसून पाहतील. तुमच्या पत्रावरून वाटते की त्यांनी तुम्हाला घरात सराव करताना पाहिले आहे, पण श्रोत्यांसमोर पूर्ण कार्यक्रम करताना अजून पाहिलेले नाही.

गिटार की इलेक्ट्रॉनिक या प्रश्नाकडे वळताना तुमच्या शिक्षकांविषयी आदर राखूनच मी असहमती नोंदवतो. ‘खरे’ वाद्य आणि ‘खोटे’ वाद्य हा वाद आपल्याकडे पेटीवरून झाला आहे. हार्मोनियम हे युरोपात घडलेले वाद्य. त्याला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) येत नाही, श्रुती (सुरांमधले सूक्ष्म अंतर) जुळत नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० साली त्याला बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत उठली नाही. त्याआधीच्या काळात मराठी संगीत रंगभूमी ऑर्गन आणि पेटीच्या सुरांवर उभी होती आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव जात होते. आज पेटीशिवाय भजनी मंडळाची कल्पना करता येत नाही. गिटारही इथल्या मातीतली नव्हे, हे तुमच्या शिक्षकांना ठाऊक आहेच. तेव्हा लॅपटॉप परका म्हणून टाकावा, या युक्तिवादात मला जोर दिसत नाही.

असे असले तरी शिक्षकांच्या बोलण्यातला एक अंश मला पटतो आणि तो तुम्ही झटकून टाकू नये. दोन माध्यमे एकत्र आली की एकातला कच्चेपणा दुसऱ्याआड दडवता येतो. चाल सपाट असेल तर खालून ठोका वाढवायचा, शब्द अडखळत असतील तर आवाजावर प्रतिध्वनीचा थर चढवायचा, हा मोह फार मोठा आहे. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक गाणे आधी घरातले सर्व दिवे मालवून, वीज गेली आहे असे समजून, केवळ गिटारवर म्हणून पाहा. तिथे जे गाणे उभे राहत नाही, ते मंचावर आणू नका. नंतर उलट बाजूने तपासा : इलेक्ट्रॉनिक भाग काढून टाकल्यावर गाण्यातून काही निश्चित हरवते का? तुम्ही पाठवलेल्या दोन गाण्यांपैकी पहिल्यात काहीच हरवत नाही. तिथला तालाचा थर तयार लूपमधून आलेला वाटतो आणि तो तुमच्या उजव्या हाताच्या सुंदर, किंचित मागे रेंगाळणाऱ्या लयीला घड्याळाच्या काट्यावर आणून बसवतो. दुसऱ्यात मात्र तुम्ही गिटारच्या पोटावर अंगठ्याने दिलेला ठोका पेडलवर पकडता, तोच एक सप्तक खाली नेऊन त्याचा खर्जाचा धक्का करता आणि दोन ओळींनंतर गिटार पूर्ण थांबवता, तेव्हा लाकडाचा तो एकच आवाज सारी खोली व्यापून टाकतो. एकट्या गिटारला हे शक्य नव्हते आणि नुसत्या लॅपटॉपला ते सुचले नसते. तुमची वाट या दुसऱ्या गाण्यात आहे. नाचता येण्याजोगे संगीत करा असे सांगणाऱ्या मित्रांना तुम्ही शांतपणे हेच गाणे ऐकवावे.

मंचावरच्या व्यवस्थेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण एकट्याने फिरणाऱ्या अनेक वाचकांची अडचण हीच असते. तुम्ही गिटार लॅपटॉपमधून नेता आणि ‘हात पुढे, आवाज मागे’ असे वाटते म्हणून हैराण होता. त्याचे कारण बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो तो साठा. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे) १२८ सँपलचा, म्हणजे तेवढ्या मोजमापांचा, बफर सुमारे पावणेतीन मिलिसेकंदांचा असतो आणि ५१२चा पावणेअकराच्या जवळ जातो; आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असे दोन्हीकडे हा उशीर लागतो, त्यात बाकीच्या यंत्रणेची भर पडते आणि बोटांना ते जाणवते. बफर कमी केला तर जुन्या लॅपटॉपवर आवाज तडतडतो. यावरचा सरळ उपाय म्हणजे गिटार पेडलमधून डीआय बॉक्समार्गे (वाद्याचा आवाज मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी पेटी) थेट मिक्सरकडे द्यावी आणि लॅपटॉपकडे फक्त इलेक्ट्रॉनिक आवाज ठेवावेत. याचा दुसरा लाभ त्याहून मोठा आहे : लॅपटॉप ऐन गाण्यात बंद पडला तरी गिटार आणि गळा चालूच राहतात आणि वीज नसल्याचे समजून केलेला सराव तिथे उपयोगी येतो. त्याखेरीज लॅपटॉपमधील सर्व साथ फोनवरही काढून ठेवा, जोडणारी केबल बरोबर बाळगा. उघड्यावर जनरेटरवर कार्यक्रम असेल तर गुणगुण येतेच. ग्राउंड लिफ्टची कळ असलेला डीआय जवळ असला की साउंडवाल्या दादांशी होणारी अर्ध्या तासाची झटापट वाचते. आयोजकाला आठवडाभर आधी एक पानाचा कागद पाठवा, ज्यावर गाण्याचा माइक, गिटारचा डीआय, लॅपटॉपचे डावे-उजवे असे चार मार्ग क्रमाने लिहिलेले असतील आणि साउंड चेकला किती वेळ लागेल हेही असेल. ज्यांचे साहित्य पटकन लागते आणि पटकन निघते, त्यांच्याविषयी ध्वनिव्यवस्था पाहणारी माणसे आयोजकाकडे चांगला शब्द टाकतात.

आता धवलारणीच्या आवाजाविषयी. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत केला आहे, माझ्या मते मात्र हा तुमच्या साऱ्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग आहे. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी धवलारीण ही केवळ ‘पार्श्वभूमीचा आवाज’ नसते. तिला ते गीत, त्याचा क्रम आणि त्याचा अर्थ ठाऊक असतो आणि त्या घरात तिला मान असतो. धवल्याचे शब्द परंपरेने आलेले असले तरी त्या दिवशीचे गाणे तिचे आहे. कायदाही हेच मानतो : कॉपीराइट कायद्यात सादरीकरण करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क दिलेला आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. लग्नघरात फोनवर रेकॉर्डिंग करायला कोणी हरकत घेतली नाही, याचा अर्थ ते गाण्यात वापरायला आणि विकायला संमती मिळाली, असा होत नाही. तुम्ही घणसोलीला जा, त्या बाईंना तयार गाणे कानाला हेडफोन लावून ऐकवा आणि त्यांना काय वाटते ते विचारा. धवल्याचा तो तुकडा कोणत्या विधीचा आहे आणि तो तुमच्या विरहगीतात बसतो का, हे त्याच सांगू शकतील. त्या नको म्हणाल्या तर तो आवाज काढा. हो म्हणाल्या तर त्यांचे नाव गाण्याबरोबर यावे, ठरलेली रक्कम आधी द्यावी आणि पुढच्या उत्पन्नातील वाटा साध्या मराठीत कागदावर लिहून दोघींच्या सह्या व्हाव्यात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही गावे होती आणि त्यांच्यावर आपली शहरे उभी राहिली. तिथल्या गाण्यांशी व्यवहार करताना तरी विचारण्याची रीत आपण पाळली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तयार लूप आणि सँपल (तयार मिळणारे आवाजाचे तुकडे) यांबद्दलही परवान्याच्या अटी वाचून घ्या. तोच लूप आणखी शेकडो जणांनी वापरलेला असतो आणि मग ऑनलाइन गाणे चढवताना मालकीचे दावे उपटतात.

वडिलांच्या काळजीकडे तुम्ही विरोध म्हणून पाहता. त्यांचे जे शब्द तुम्ही उद्धृत केले आहेत, त्यांत गाण्याबद्दल वाईट एकही शब्द नाही. रात्री दीड वाजता अनोळखी स्थानकावर उतरण्याबद्दल आहे. ही काळजी योग्य आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी उजेडी पोहोचता येईल अशीच गाडी धरावी, रात्रीचा परतीचा प्रवास टाळून मुक्काम करावा, मुक्कामाची जागा आणि स्थानकावर घ्यायला येणाऱ्या व्यक्तीचे नाव-नंबर आयोजकाने लेखी कळवावे, आणि ही व्यवस्था मानधनाखेरीज, त्याच्या खर्चाने व्हावी. कॅफेचे मालक यावर कुरकुर करतील, पण पुन्हा बोलवायचे ठरवलेला आयोजक करत नाही. शक्य असेल तेव्हा दोघींनी मिळून फिरा. कविता वाचणारी किंवा तालवाद्य वाजवणारी एखादी मैत्रीण असेल तर कार्यक्रमही भरतो आणि खोलीचे भाडेही वाटले जाते. प्रवासाचा हा तक्ता वडिलांच्या हाती द्या. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला तक्त्याची भाषा कळते आणि त्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, तर त्या अवश्य घ्या.

कराच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर प्रत्येक मानधनाची पावती ठेवा. ठरावीक मर्यादेवरील मानधनातून आयोजक १० टक्के टीडीएस कापतो. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली आहे ना, हे वेळोवेळी तपासा आणि विवरणपत्रात पगाराबरोबर हे उत्पन्नही दाखवा. निम्मे मानधन आगाऊ मागण्यात संकोच नको.

राहता राहिला कंपनीचा करार, ज्याची मुदत महिनाअखेरीस संपते. एका गाण्यात तीन वेगळ्या मालकी असतात : शब्दांची, चालीची आणि ध्वनिमुद्रणाची. तुमच्या बाबतीत तिन्ही तुमच्याकडे आहेत आणि कंपनी तिन्ही एकदम, कायमची, एका रकमेत मागत आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांना मोठे संरक्षण दिले आहे. शब्द आणि चाल यांच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा त्यांना कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, आणि तसे लिहून घेतले असले तरी ते कलम निरर्थक ठरते. हा वाटा प्रत्यक्ष मिळावा यासाठी गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, सभासद व्हा आणि प्रत्येक गाण्याची तेथे नोंद करा. ही संस्था १९६९पासून आहे आणि सभासद होण्यासाठी चित्रपटात काम केलेले असण्याची गरज नाही. ध्वनिमुद्रणाला मात्र हे कवच नाही, ते दिले की गेले. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणूनच अशा करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आवर्जून घातलेले असतात. तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात ते दोन्ही आहेत.

तेव्हा नकार कळवण्याऐवजी या आठवड्यातच त्यांना उलट प्रस्ताव पाठवा. पाचांऐवजी दोन गाणी द्यावीत. ध्वनिमुद्रणाचा केवळ परवाना तीन वर्षांसाठी द्यावा. शब्द आणि चाल तुमच्याकडेच राहतील, मंचावर ती गाण्याचा आणि नव्याने ध्वनिमुद्रित करण्याचा तुमचा हक्क अबाधित राहील आणि एका वर्षात कंपनीने गाणे प्रकाशित केले नाही तर परवाना आपोआप संपेल, असे स्पष्ट लिहावे. रक्कम कमी होईल, ती होऊ द्या. धवल्याचे गाणे या दोनांत घेऊ नका, घणसोलीची भेट होईपर्यंत ते कोणालाच देऊ नका. ज्या गाण्यात गिटारच्या लाकडाचा ठोका आहे, तेही आत्ता हातचे सोडू नये असे माझे मत आहे. सही करण्यापूर्वी कॉपीराइटची कामे पाहणाऱ्या वकिलांना मसुदा दाखवा. त्यांची फी एका कार्यक्रमाच्या मानधनाइतकी झाली तरी ती द्या. कंपनीने महिनाअखेरीची मुदत पुढे ढकलण्यास नकार दिला, तर त्या मुदतीखातर सही करू नका, आणि त्याच दिवशी नाशिकच्या आयोजकांना फोन करून पुढच्या फेरीची तारीख विचारा.